नाक दाबलं की तोंड बंद

जुलै २०२५ च्या सुरुवातीला 'सीबीएस' वाहिनीची मालक कंपनी पॅरामाउंटने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी तडजोड केली आणि १ कोटी ६० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. ही रक्कम त्यांच्या भावी अध्यक्षीय ग्रंथालयासाठी आणि वकिलांच्या खर्चापोटी होती. कंपनी खटला हरली होती का? छे. खटला सुनावणीपर्यंतही पोचला नव्हता. दावा पोकळ आहे, असं खुद्द कंपनीच न्यायालयात सांगत होती.

तक्रार काय होती, तेही बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात कमला हॅरिस यांची मुलाखत झाली. नेतान्याहूंविषयीच्या एका प्रश्नाला त्यांनी लांबलचक उत्तर दिलं. त्यातला एक तुकडा वाहिनीच्या एका कार्यक्रमात दिसला, दुसरा तुकडा दुसऱ्यात. तासाभराचं बोलणं वीस मिनिटांत बसवायचं तर कात्री चालवावीच लागते, कुठल्याही वृत्तवाहिनीत ती रोज चालते. ट्रम्प यांनी टेक्ससमधल्या अमारिलोच्या फेडरल न्यायालयात दावा ठोकला, तोही अब्रुनुकसानीचा नाही. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या कायद्याखाली ठोकला, जणू कुणी भेसळीचं तेल विकलं होतं. मागणी आधी १,००० कोटी डॉलरची होती, पुढे २,००० कोटींची झाली.

मग पॅरामाउंटने पैसे का दिले? त्याच सुमारास कंपनीचं स्कायडान्स या चित्रपटनिर्मिती कंपनीशी ८०० कोटी डॉलरचं विलीनीकरण व्हायचं होतं. सीबीएसच्या मालकीची स्थानिक प्रसारण केंद्रं आहेत. त्यांचे परवाने नव्या मालकाच्या नावावर करायचे तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसीची, परवानगी लागते. एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार हे ट्रम्प यांनी नेमलेले. त्यांनी आल्याआल्या त्याच मुलाखतीबद्दलची, आधी बंद झालेली तक्रार पुन्हा उघडली होती. तडजोड जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत झाली, विलीनीकरणाला मंजुरी २४ जुलैला मिळाली. मधल्या काळात सीबीएसवरचे विनोदवीर स्टीफन कोल्बेर यांनी या तडजोडीला सरळ लाच म्हटलं. तीनच दिवसांत त्यांचा कार्यक्रम पुढच्या वर्षी बंद होणार असल्याचं जाहीर झालं. कारण निव्वळ आर्थिक, असा कंपनीचा खुलासा. असेलही. रात्रीचे हे कार्यक्रम तोट्यात चालतात हे खरंच आहे. पण ज्या कंपनीने आदल्याच पंधरवड्यात सत्तेपुढे हात जोडले, तिचा खुलासा लोकांनी खरा मानावा ही अपेक्षा जरा जास्तच.

अमेरिकेत पत्रकारितेची गळचेपी होते का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे 'छे हो, तिथे राष्ट्राध्यक्षाला शिव्या घातल्या तरी कुणी हात लावत नाही.' दुसरं, 'तिथे आता हुकूमशाहीच आली आहे.' दोन्हींत अर्धीच गोष्ट आहे. माझं म्हणणं असं की अमेरिकेत बोलण्याच्या हक्काचा कायदा आजही जगात बहुधा सर्वात भक्कम आहे, पण तो वापरायचा की नाही हे ठरवणारा माणूस पत्रकार नसतो. तो मालक असतो, आणि मालकाचे इतर दहा धंदे असतात. पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारचे हात बांधले. मालकाच्या कण्याची हमी तिने घेतलेली नाही. संपादकाला तुरुंगात टाकणं अवघड असेल, तर मालकाची फाइल अडवून ठेवणं सोपं. नाक दाबलं की तोंड उघडतं असं आपण म्हणतो. वॉशिंग्टनमध्ये नाक दाबलं की तोंड बंद होतं.

आता याच्या शेजारी कॅन्सस राज्यातलं मॅरियन ठेवून बघा. दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, आणि तिथलं साप्ताहिक 'मॅरियन काउंटी रेकॉर्ड'. संपादक एरिक मायर. त्यांनी आयुष्यातला बराच काळ मिलवॉकीच्या दैनिकात आणि नंतर इलिनॉय विद्यापीठात पत्रकारिता शिकवण्यात घालवला, मग घरच्या पेपरसाठी गावी परतले. त्यांची आई जोन, वय ९८, पेपरची सहमालक. ११ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. पोलीस कार्यालयात शिरले, संगणक, मोबाइल, हाताला लागेल ते उचललं. एक तुकडी मायर यांच्या घरी गेली. त्या वेळचं चित्रीकरण उपलब्ध आहे. वॉकर धरून उभी असलेली म्हातारी पोलिसांवर ओरडते आहे, माझ्या घरातून चालते व्हा, वस्तूंना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ती गेली.

निमित्त काय? गावातल्या एका हॉटेलमालकीणीच्या वाहन परवान्याविषयी पेपरकडे कुणीतरी माहिती पाठवली. बातमीदाराने ती राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहिली. पेपरने ती छापलीही नाही, उलट आपल्याकडे अशी माहिती आल्याचं पोलिसांनाच कळवलं. यावरून 'ओळख चोरी'चा संशय घेऊन झडतीचं वॉरंट निघालं, न्यायदंडाधिकारीबाईंनी सही केली. आणि हेही सांगायला हवं की पोलीसप्रमुख गिडियन कोडी यांच्या आधीच्या नोकरीतल्या वागणुकीची चौकशी हाच पेपर करत होता. खाई त्याला खवखवे.

वृत्तपत्राच्या कार्यालयाची अशी झडती सहसा घेता येऊ नये म्हणून अमेरिकेत १९८० पासून केंद्रीय कायदा आहे. कागदपत्रं हवी असतील तर आधी समन्स काढा, थेट दार फोडू नका, असा त्याचा मथितार्थ. मॅरियनच्या पोलिसांनी तो गुंडाळून ठेवला. पाच दिवसांत सरकारी वकिलाने वॉरंट मागे घेतलं, सामान परत मिळालं. पण तोवर कर्मचाऱ्यांनी रात्रभर जागून, असतील नसतील ती जुनी यंत्रं जुळवून, अंक वेळेवर काढला होता. मथळा असा की जप्त केलं, पण आवाज बंद झाला नाही. पुढे कोडींना राजीनामा द्यावा लागला, त्यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये काउंटीने ३० लाख डॉलर भरपाईसह माफी मागण्याचं मान्य केलं.

खप जेमतेम चार हजार. आई गेली. तरीही मायर लढले, जिंकले. आणि अब्जावधींच्या कंपनीने, जिंकण्याजोगा खटला हातात असताना, चेक फाडला. याचा अर्थ मायर शूर आणि पॅरामाउंटवाले भित्रे, इतकाच काढला तर तो वरवरचा ठरेल. मायर यांच्याकडे पेपरखेरीज गमावण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पॅरामाउंटकडे पेपर नव्हताच. तिच्याकडे चित्रपट, क्रीडा हक्क आणि विलीनीकरण होतं. बातम्या हा त्यातला एक छोटासा, आणि हिशेबाच्या वहीत कटकटीचा, विभाग.

एक गोष्ट मात्र न्यायाने बोलायला हवी. 'एबीसी' वाहिनीने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांना ग्रंथालयासाठी दीड कोटी डॉलर दिले, ती केस सीबीएससारखी पोकळ नव्हती. निवेदक जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी ट्रम्प 'बलात्कारासाठी' जबाबदार ठरल्याचं पुन्हापुन्हा म्हटलं. लेखिका ई. जीन कॅरल यांच्या दाव्यात ज्युरीचा निष्कर्ष लैंगिक अत्याचाराचा होता. कायद्याच्या भाषेत हा फरक क्षुल्लक नाही, आणि निवेदकाने तो सांभाळायला हवा होता. पण अशा चुका गृहीत धरूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये एक निकाल दिला होता, आणि तो आज सगळ्यांनी वाचावा असा आहे.

मार्च १९६० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी पानभर जाहिरात आली. तिच्यात बारीकसारीक चुका होत्या. किंगना सात वेळा अटक झाली असं छापलं होतं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. निदर्शक विद्यार्थ्यांनी कुठलं गाणं म्हटलं, तेही चुकलं होतं. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराचे आयुक्त एल. बी. सुलिव्हन यांचं जाहिरातीत नावसुद्धा नव्हतं, पण त्यांनी दावा लावला आणि तिथल्या ज्युरीने ५ लाख डॉलर दिले. हेतू उघड होता. वंशभेदाच्या बातम्या द्यायला उत्तरेकडून येणाऱ्या वृत्तपत्रांचं दिवाळं काढायचं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकाल फिरवला. सार्वजनिक पदावरच्या माणसाला भरपाई हवी असेल तर छापणाऱ्याने जाणूनबुजून खोटं छापलं, किंवा खरंखोटं बघण्याची बेदरकारपणे पर्वा केली नाही, हे सिद्ध करावं लागेल. नुसती चूक पुरेशी नाही. मोकळ्या वादात चुका होणारच, आणि प्रत्येक चुकीला दंड लावला तर लोक खरंही बोलायला धजणार नाहीत, हा त्यामागचा विचार.

त्या ढालीमागे उभं राहून एबीसी लढू शकली असती. हरलीही असती कदाचित. पण पैसे मोजण्याने मिळालेला धडा एबीसीपुरता राहिला नाही. जुलै २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'वर १,००० कोटींचा दावा, सप्टेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'वर १,५०० कोटींचा. टाइम्सवरचा दावा ८५ पानांचा होता, त्यात पानंच्या पानं आत्मस्तुती. न्यायाधीशांनी वैतागून तो परत पाठवला, नीट आणि थोडक्यात लिहून आणा म्हणाले. या दोन्ही पत्रांनी लढायचं ठरवलं. जर्नल ज्यांच्या कुटुंबाच्या हातात आहे त्या रुपर्ट मरडॉक यांचेही परवाने आणि धंदे पुष्कळ आहेत, तेव्हा माझ्या सिद्धांताला हा एक अपवाद, हे मान्य करतो. मरडॉकना धमक्यांची सवय आहे. आजवर ते स्वतःच देत आले.

सप्टेंबरचं किमेल प्रकरण तर या यंत्रणेचं कामकाज उघड्यावर दाखवून गेलं. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर एबीसीवरचे विनोदवीर जिमी किमेल यांनी केलेली टिप्पणी मलाही रुचली नाही, माहितीच्या अंगानेही ती कच्ची होती. १७ सप्टेंबरला ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर म्हणाले की हे सोप्या मार्गाने होईल किंवा कठीण मार्गाने. काही तासांत नेक्सस्टार कंपनीने आपल्या केंद्रांवरून किमेल यांचा कार्यक्रम काढला, त्यापाठोपाठ एबीसीने तो थांबवला. नेक्सस्टारला टेग्ना ही दुसरी प्रसारण कंपनी ६२० कोटी डॉलरना घ्यायची होती. त्यासाठी एका मालकाकडे देशातल्या किती टक्के घरांपर्यंतची केंद्रं असावीत ही मर्यादाच सैल करून हवी होती. ती सैल करणार कोण? एफसीसीच. इथे कुणी लेखी आदेश काढला नाही, कुणाला दंड झाला नाही. कारना एक वाक्य बोलावं लागलं, बस.

किमेल आठवड्याच्या आत परतले. म्हणून काहीजण म्हणतात, बघा, व्यवस्था चालते. मला हे पटत नाही. एबीसीची मालक कंपनी डिस्नी हिची वर्गणी लोकांनी धडाधड रद्द केली, शेकडो कलाकारांनी पत्रक काढलं, तेव्हा ते परतले. किमेलना चाहते आहेत. आयोवातल्या एखाद्या स्थानिक केंद्रावरच्या बातमीदाराला कोण आहे? त्याची बातमी कार्यक्रमातून गळाली हेसुद्धा आपल्याला कळणार नाही.

गंमत म्हणजे याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा ताजा आणि एकमताचा निकाल आहे. मे २०२४ मधला. न्यूयॉर्कच्या विमा नियामक अधिकारी मारिया व्हुलो यांनी विमा कंपन्यांवर दबाव आणून, बंदूकधारकांच्या 'एनआरए' या संघटनेशी संबंध तोडायला लावले, असा आरोप होता. न्यायालय म्हणालं, सरकारला जे थेट बंद करता येत नाही ते खासगी कंपनीचा हात पिरगाळूनही बंद करता येणार नाही. निकाल लिहिला उदारमतवादी न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी, एनआरएचा खटला लढवला डाव्यांची मानल्या जाणाऱ्या 'एसीएलयू' या नागरी हक्क संघटनेने. आपल्याला न आवडणाऱ्याचा हक्क लढवणं काय असतं, ते इथे दिसतं. आणि ज्या अधिकाऱ्यावर आरोप होता ती डेमोक्रॅट प्रशासनातली होती, हेही विसरू नये.

कारण हे हत्यार एकट्या ट्रम्प यांनी घडवलेलं नाही. ओबामांच्या न्याय खात्याने 'असोसिएटेड प्रेस' (एपी) या वृत्तसंस्थेच्या वीसहून जास्त फोन लाइनींच्या दोन महिन्यांच्या नोंदी गुपचूप मिळवल्या, ते २०१३ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी फॉक्सच्या एका बातमीदाराला, बातमी मिळवली म्हणून, वॉरंटच्या अर्जात गुन्ह्यातला साथीदार ठरवल्याचं बाहेर आलं. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा युजीन डेब्स या समाजवादी नेत्याला युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षं ठोठावायला वापरला गेला होता. तोच 'विकिलीक्स'च्या ज्युलियन असांजवर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत लावला गेला, बायडन यांनी तो मागे घेतला नाही, आणि जून २०२४ मध्ये सायपान बेटावरच्या न्यायालयात गुन्हा कबूल करूनच असांज सुटले. तेव्हा डेमोक्रॅट समर्थकांतले कितीजण रस्त्यावर उतरले? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही रीत तिथेही आहे.

राजकीय सूडाच्या खटल्यांतही हाच घोळ होतो. ट्रम्प यांच्यावरचा न्यूयॉर्कमधला ३४ आरोपांचा खटला ताणून उभा केला होता, असं म्हणणारे काही उदारमतवादी वकीलही होते, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मला एक साधी कसोटी महत्त्वाची वाटते. तपास कृत्यापासून सुरू झाला की माणसापासून? २० सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी आपल्या अॅटर्नी जनरलना उद्देशून जाहीर पोस्ट लिहिली. एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी, सिनेटर अॅडम शिफ, न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स, यांच्यावर अजून कारवाई का नाही? आदल्याच दिवशी व्हर्जिनियातल्या सरकारी वकिलाला पद सोडावं लागलं होतं. त्याच्या जागी अभियोगाचा अनुभव नसलेल्या, ट्रम्प यांच्या माजी खासगी वकील लिंडसे हॅलिगन आल्या, आणि २५ तारखेला कोमींवर आरोपपत्र. नावं आधी, कलमं नंतर. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी कोमी आणि जेम्स दोघांवरचे आरोप रद्द केले, कारण हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा होती. सुटका झाली, पण वकिलांची बिलं आणि झोप उडालेल्या रात्री कुणी परत करत नाही. आणि शिक्षा म्हणून तेवढं पुरतं.

या सगळ्याची झळ आपल्या घरांपर्यंतही आली आहे. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या, साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं. वर्षभरापूर्वी तिने इतर तिघांबरोबर विद्यापीठाच्या दैनिकात गाझाविषयी एक लेख लिहिला होता. सहा आठवडे ती लुइझियानातल्या कोठडीत होती. सोडताना न्यायाधीश म्हणाले की त्या लेखापलीकडे सरकारने पुरावा म्हणून काही समोर ठेवलेलंच नाही. जूनपासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना बघता येतील अशी खुली ठेवायला सांगितलं गेलं. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीला जाण्याआधी पुण्या-नाशिकची, संभाजीनगरची मुलं जुन्या पोस्ट, जुने लाइक पुसत बसतात, आईवडीलही 'कशाला नसत्या भानगडी' म्हणतात, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. लाखो रुपयांचं कर्ज काढून गेलेल्या मुलाचं नाक तर कुणालाही दाबता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये लिहिण्या-बोलण्यावरून हद्दपार करण्याच्या या धोरणाविरुद्ध परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांना न्यायालयात खेचलं ते 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थ्यांच्या पत्राने. व्हिसावर असलेली मुलं बातम्या घ्यायला नकार देताहेत, जुने लेख काढून टाका म्हणताहेत, अशी त्यांची तक्रार होती.

पुन्हा तेच. लढतंय कोण? गावचं साप्ताहिक, विद्यार्थ्यांचं दैनिक. मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचं आखात' म्हणायला नकार दिला म्हणून ओव्हल ऑफिसबाहेर काढली गेलेली आणि त्यावर न्यायालयात गेलेली 'असोसिएटेड प्रेस' ही १८४६ पासूनची सहकारी संस्था आहे, तिला विकायला दुसरं काही नाही. एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेनेही दावा लावला, पण तिचं नाक वेगळ्या बाजूने दाबलं गेलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सार्वजनिक प्रसारणाचे ११० कोटी डॉलर परत घेतले, आणि त्याचा पहिला फटका न्यूयॉर्कला नाही, अलास्कातल्या आणि ग्रामीण भागातल्या छोट्या केंद्रांना बसला. तेव्हा सरकारी पैसा हाही उपाय नाही. फिलाडेल्फियाच्या 'इन्क्वायरर'प्रमाणे वृत्तपत्र ना-नफा संस्थेच्या हाती देणं, किंवा एपीसारखी सहकारी रचना, हे मला त्यातल्या त्यात बरे वाटतात. पत्रकारांच्या सूत्रांना संरक्षण देणारं विधेयक २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात बिनविरोध मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकलं. ते यायलाच हवं, पण मालकाने कच खाल्ली तर ते विधेयकही काय करणार?

आणि परवान्याची फाइल ज्याच्या टेबलावर आहे त्याचं काय, हा मूळ प्रश्न राहतोच. किमेल प्रकरणात कार यांच्यावर सर्वात कडक टीका केली ती टेड क्रूझ यांनी. रिपब्लिकन, ट्रम्प यांचे समर्थक. त्यांचं म्हणणं असं की उद्या डेमोक्रॅट सत्तेत येतील तेव्हा हेच हत्यार आपल्यावर चालेल आणि आपण पस्तावू. बोलले ते खरं. पण क्रूझ हे एफसीसीवर देखरेख ठेवणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष आहेत, आणि त्या समितीपुढे कार हजर झाले ते थेट १७ डिसेंबरला. एफसीसी स्वतंत्र संस्था आहे का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. सुनावणी चालू असतानाच एफसीसीच्या संकेतस्थळावरच्या आपल्या परिचयातून 'स्वतंत्र' हा शब्द काढून टाकला गेला, आणि समिती पुढच्या प्रश्नाकडे वळली.